पाळी गेल्यावर केवळ हाडांसाठी एचआरटी घ्यावी का?

ताई, तुमचं वय ५२, पाळी जाऊन दोन वर्षं झाली, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.१ आलाय. डॉक्टर एचआरटी (पाळी गेल्यावर कमी झालेली हार्मोन्स औषधातून घेणं) घ्या म्हणतात, बहीण म्हणते कॅन्सर होईल. मी डॉक्टर नाही, पण गेली काही वर्षं स्वतः एचआरटी घेते, म्हणून लिहिते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही: रात्री घाम फुटून जाग येते का? अंगातून वाफा निघतात का? माझ्या मते निर्णय इथेच अडतो. मी सुरू केली ती झोपेचं पार खोबरं झालं होतं म्हणून. हाडांचा फायदा त्यासोबत मिळाला. तसा त्रास नसेल आणि फक्त रिपोर्टवरच्या आकड्यासाठी घ्यायची असेल, तर मी आधी डॉक्टरांना दुसरे पर्याय विचारीन. उणे २.१ म्हणजे हाडं विरळ झालीत, पण ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार, उणे २.५ पासून धरतात. आईचा खुबा मोडला होता का, तुम्ही कधी स्टेरॉइड्स घेतलीत का, हेही डॉक्टरांना सांगा. नुसत्या स्कोअरपेक्षा त्याने चित्र बदलतं.

बहिणीची भीती अगदीच हवेतली नाही. अमेरिकेतली एक मोठी चाचणी २००२ मध्ये मधेच थांबवली गेली. एचआरटीतली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) ही दोन हार्मोन्स एकत्र घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनांचे कॅन्सर ८ ने वाढले, पक्षाघातही ८ ने वाढले, खुब्याची मोडतोड ५ ने घटली. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरू केली तर हिशेब बराच बरा दिसतो, असं आता डॉक्टर मानतात. त्या हिशेबात तुम्ही बसता. मात्र स्वतःला स्तनांचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, पाळी गेल्यावर कारण न कळता रक्त गेलं असेल, तर आधी ते डॉक्टरांपुढे ठेवा.

गर्भपिशवी असेल तर इस्ट्रोजेन एकटं घ्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन लागतंच, नाहीतर पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. मी संध्याकाळी मांडीला इस्ट्रोजेनचं जेल चोळते (सुकेपर्यंत साडी सावरत उभं राहायचं, हा एक वैताग) आणि झोपताना प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल घेते. तिने गुंगी येते, मला ती हवीच असते. त्वचेतून घेतलं तर गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, म्हणून जेलबद्दल मुद्दाम विचारा.

हाडांची वेगळी औषधंही आहेत. ॲलेंड्रोनेटची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. झोलेड्रॉनिक ॲसिड वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. ड जीवनसत्त्व तपासून घ्या. उन्हाच्या देशात राहूनही आपल्यात ते सर्रास कमी निघतं.

आणि एचआरटी घेतलीच, तर ती बंद करायची वेळ येईल तेव्हाचंही आत्ताच विचारून ठेवा. बंद केली की हाडांची झीज पुन्हा सुरू होते, आणि तेव्हा पुढे कुठलं औषध घ्यायचं हे आधी ठरलेलं बरं.