शेताच्या बांधाशी खणताना माणसाची हाडं सापडली (करवीर तालुका). मरताना वय किती होतं ते कळेल का?

हो, कळेल, पण नेमकं वर्ष नाही. वयाचा पट्टा मिळेल, आणि माणूस जितका लहान तितका तो अरुंद. मी शरीररचनाशास्त्र शिकवतो, त्यामुळे हाडं रोजच हातात असतात. लहान मुलांत दातच बघतात: दुसरी कायमची दाढ साधारण बाराव्या वर्षी येते, आणि हिरडीखाली दात किती तयार झालाय हे एक्स-रेत दिसतं. पुढे लांब हाडांची टोकं मधल्या दांड्याला जुळत जातात. छातीच्या मध्याकडचं गळपट्टीच्या हाडाचं (कॉलर बोनचं) टोक सगळ्यात उशिरा, विशीच्या अखेरीस पूर्ण जुळतं. ते अजून सुटं असेल तर तिशीपुढचा माणूस जवळपास बाद. त्यानंतर वाढ संपते आणि झीज वाचावी लागते. दोन जघनास्थी (ओटीपोटाखालची कंबरेची हाडं) समोर जिथे भेटतात तो पृष्ठभाग तरुणपणी नांगरटीसारखा सऱ्यासऱ्यांचा असतो, वयाबरोबर सपाट होऊन शेवटी खडबडीत होतो. कवटीच्या सांध्यांवरून वय सांगणाऱ्यांवर मात्र फार विसंबू नका. पन्नाशीनंतर प्रामाणिक उत्तर बहुधा ‘पन्नासच्या वर’ एवढंच असतं.

हाडं किती जुनी, हा वेगळाच प्रश्न. वरच्या खुणांवरून तो सुटत नाही. खणणं थांबवा, काही धुऊ-उचलू नका (छोटे तुकडे आणि सुटे दातच जास्त बोलतात) आणि आधी पोलिसांना कळवा. पुढची तपासणी न्यायवैद्यक विभागाचे डॉक्टर करतात.