चित्र सदरलँडचं, हात फेलताँचे

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये कॉव्हेन्ट्रीला असते. तिथल्या कॅथीड्रलमध्ये तिच्या गायकवृंदाचा कार्यक्रम आहे. तिनं पाठवलेल्या फोटोत गाणाऱ्यांच्या पाठीमागे ख्रिस्ताचं प्रचंड हिरवं चित्र दिसतं. ते भिंतीवर रंगवलंय का? तिथलं हे सगळं काम कुणाचं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : रंगवलेलं नाही, विणलेलं आहे! माझं माहेर येवल्याचं. पैठणीच्या मागाशेजारी खेळत मी मोठी झाले, त्यामुळे त्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा मला आधी विणकामच दिसलं. सुमारे २३ मीटर उंच, १२ मीटर रुंद. पैठणीच्या पदरावर मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरते, तेच तत्त्व इथे. चित्र ग्रॅहम सदरलँड यांचं. ते विणलं गेलं फ्रान्समध्ये, ओब्यूसाँजवळच्या फेलताँ गावी, पिन्ताँ घराण्याच्या कारखान्यात. मी वाचलेल्या पुस्तकांत सदरलँड यांच्यावर पानंच्या पानं आहेत, विणणाऱ्यांना मात्र एखादं वाक्य. हे मला खुपतं. फोटो मोठा करून ख्रिस्ताच्या पावलांमध्ये बघा, तिथे एक माणूस उभा आहे. इवलासा वाटतो, पण तो पुरुषभर उंचीचा आहे.

जुनं कॅथीड्रल १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बहल्ल्यात जळालं. वास्तुकार बेसिल स्पेन्स यांनी ते अवशेष तसेच राखले आणि शेजारी नवी वास्तू उभारली. मे १९६२ मध्ये तिचं पवित्रीकरण झालं. त्या सोहळ्यासाठी संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी लिहिलेली ‘वॉर रेक्विएम’ (रेक्विएम म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना) ही रचना ३० मे रोजी तिथेच पहिल्यांदा गायली गेली. तुमची मुलगी गाते आहे ती जागा ही अशी आहे.

बाप्तिस्म्याच्या कुंडामागची जमिनीपासून छतापर्यंतची रंगीत काच जॉन पायपर यांनी योजली, पण तो मधला पांढरा-सोनेरी उजेड काचेत उतरवला पॅट्रिक रेन्टिएन्स यांनी. ही दोन नावं नेहमी जोडीनंच घ्यावीत.

जॉन हटन यांनी मात्र दोन्ही कामं स्वतःच केली. जुन्या अवशेषांच्या बाजूला भिंतीऐवजी काचेचा अवाढव्य पडदा आहे, त्यावर संत आणि तुताऱ्या फुंकणारे देवदूत कोरलेले आहेत. फिरती चाकं हातात धरून, काच घासून घासून त्यांनी एकेक आकृती काढली. या कामात त्यांची जवळजवळ दहा वर्षं गेली. त्यांची रक्षाही त्या पडद्याच्या पायथ्याशीच आहे.

आता एक गोष्ट मुलीला जरूर कळवा. सभागृहाच्या दोन्ही बाजूंना लॉरेन्स ली, कीथ न्यू आणि जेफ्री क्लार्क यांच्या दहा उंच रंगीत खिडक्या आहेत. त्या वेदीच्या दिशेनं तिरक्या बसवल्यामुळे दारातून आत येणाऱ्याला त्यांच्या काचा दिसतच नाहीत. फोटोप्रमाणे गायकवृंद विणलेल्या ख्रिस्ताकडे पाठ करून उभा राहत असेल, तर दहाही खिडक्या तिच्या समोर असतील. श्रोत्यांच्या नजरेला त्या पडायच्या नाहीत. कार्यक्रम रात्रीचा असला तर काचा काळ्याच राहतील. म्हणून तालमीला दुपारीच जा म्हणावं, ऊन असताना.