रोबो अडला, आता काय? घरातल्या व्हॅक्यूमबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी रोबो व्हॅक्यूमबद्दल आलेले प्रश्न एकत्र घेतले आहेत. सर्व्हिस सेंटरला फोन लावण्याआधी घरच्या घरी काय तपासून बघायचं, यावर उत्तरांचा भर आहे. या यंत्राची बहुतेक दुखणी केस, ओल, बंद राहिलेलं बटण किंवा वाय-फायचं चुकीचं सेटिंग यांतून येतात; आतलं सर्किट खरोखर जळाल्याची उदाहरणं त्या मानाने थोडी. मॉडेलप्रमाणे बटणांची आणि ॲपमधली नावं थोडी वेगळी असतील.

प्रश्न : हॉलमध्ये रोबो छान फिरतो. स्वयंपाकघराच्या तोंडाशी काळ्या ग्रॅनाइटचा पट्टा आहे. तिथे पोचला की मागे सरकतो, जागच्या जागी गिरक्या घेतो आणि ‘सेन्सर पुसा’ असं सांगून थांबतो. पुसलं तरी तेच. (ठाणे)

उत्तर : सेन्सर बिघडलेला नाही. त्याला तो पट्टा जिन्याची कड वाटतो. रोबो उलटा केलात तर पुढच्या बाजूला कडेकडेने चार ते सहा छोट्या काळसर खिडक्या दिसतील. त्यांतून इन्फ्रारेड किरण खाली सोडले जातात आणि फरशीवरून किती परत आले ते मोजलं जातं. पुरेसे आले नाहीत की खाली जमीन नाही, असा त्याचा हिशेब. काळा ग्रॅनाइट, पॉलिश केलेला कडप्पा, गडद रंगाचा गालिचा हे किरण शोषून घेतात, म्हणून सपाट जागीही त्याला खड्डा ‘दिसतो’. खिडक्यांवर धूळ किंवा तेलकट थर बसला असेल तर पांढऱ्या फरशीवरही हेच होतं, म्हणून पुसायला सांगणारा संदेश येतो. संदेश एकच आहे, कारणं दोन.

खात्री करायची तर रोबो उचलून पट्ट्याच्या पलीकडे, फिक्या फरशीवर ठेवा आणि तिथून सुरू करा. बिनतक्रार चालला तर दोष पट्ट्याचाच. मग सोपा मार्ग म्हणजे ॲपच्या नकाशात पट्ट्यावर मनाई क्षेत्र आखायचं आणि स्वयंपाकघर वेगळं, रोबो हाताने तिकडे नेऊन, झाडून घ्यायचं. दुसरा मार्ग बरेच जण वापरतात: खिडक्यांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे ठेवून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावायची. कागदावरून किरण कायम परत येत राहतात आणि रोबोची भीती जाते. पण भीती जाते ती सगळीकडची. घरात उतरता जिना, खोलगट बाल्कनी किंवा दोन पायऱ्यांचा सखल हॉल असेल तर हे अजिबात करू नका. रोबो सरळ खाली जाईल आणि अशा आपटण्याला वॉरंटी लागू होत नाही. एकाच पातळीवरच्या फ्लॅटमध्ये मात्र हा उपाय चालतो.

प्रश्न : दीड वर्ष झालं. आवाज वाढलाय आणि कचरा उचलण्याऐवजी पुढे ढकलतो. घरात तिघींचे लांब केस आहेत. मोटर गेली असेल का? (कोल्हापूर)

उत्तर : मोटरकडे सगळ्यात शेवटी वळा. या क्रमाने तपासा.

आधी मुख्य रोलर. दोन्ही खटके दाबून वरची जाळी काढा, रोलर उचला. अंगावर गुंडाळलेले केस तर सगळेच काढतात. कात्रीचं टोक रोलरच्या लांबीच्या दिशेने फिरवलं की ते सुटतात. खरा घोळ टोकांना असतो. एका टोकाला चौकोनी खुंटी असते, ती गिअरमध्ये बसते. दुसऱ्या टोकाला गोल टोपी असते. बहुतेक मॉडेलमध्ये ही टोपी ओढून किंवा पिळून निघते आणि तिच्याखाली केसांची घट्ट चकती सापडते. ती घासून तापते, प्लॅस्टिक झिजतं आणि तुम्ही म्हणता तो घरघराट सुरू होतो. टोपीची जागा वितळून अंडाकृती झाली असेल तर रोलर बदलावा लागेल.

मग बाजूचा तीन पात्यांचा ब्रश. तो एका स्क्रूवर असतो किंवा नुसता दाबून बसवलेला असतो. काढून त्याखालचे केस चिमट्याने ओढा. पाती वाकडी झाली असतील तर गरम पाण्यात काही सेकंद बुडवा, सरळ होतात. पाती तुटली असतील तर नवा ब्रश घ्या. तो स्वस्त असतो आणि तसाही साधारण तीन ते सहा महिन्यांनी बदलायचाच असतो.

पुढचं छोटं चाक लोक विसरतात. ते सरळ वर ओढलं की खाचेतून निघतं. घट्ट असेल तर सपाट स्क्रू-ड्रायव्हरने हलकेच उचका. आसावर केस गुंडाळले की चाक फिरायचं थांबतं आणि फरशीवरून घासत जातं. रोबो तिरका चालतो, नकाशा वेडावाकडा येतो, कधी लाकडी फरशीवर चरे पडतात. लोक नकाशा पुसून नवा करतात आणि चाक तसंच राहतं.

शेवटी फिल्टर, आणि कचरा ढकलण्यामागे बहुधा हाच असतो. डबा रिकामा केला तरी फिल्टरच्या घड्यांमध्ये पिठासारखी धूळ बसलेली असते. आठवड्यातून एकदा कचऱ्याच्या डब्याच्या कडेवर हळू ठोका. त्यावर ‘धुण्यायोग्य’ असं लिहिलं असेल तरच धुवा, तेही नुसत्या पाण्याच्या धारेखाली, ब्रश न घासता. नंतर पूर्ण २४ तास वाळू द्या. पावसाळ्यात दोन दिवस पंख्याखाली. ओलसर फिल्टर बसवला तर आत येणाऱ्या धुळीचा चिखल होतो, घड्या कायमच्या बुजतात आणि कुबट वास सुटतो तो वेगळाच. दोन फिल्टर आलटून पालटून वापरले की घाई करावी लागत नाही. सहा महिन्यांहून जुना फिल्टर कितीही धुतलात तरी पहिल्यासारखी हवा सोडत नाही.

एवढं करूनही ओढ कमीच असेल, तर मग पंख्याच्या मोटरबद्दल बोलू.

प्रश्न : नवा राऊटर बसवल्यापासून रोबो ॲपला जोडला जात नाही. फोनला तर पूर्ण रेंज आहे. (नागपूर)

उत्तर : बहुतेक रोबो फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात, ५ गिगाहर्ट्झ त्यांना दिसतच नाही. नवे राऊटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देतात आणि जोडणी करताना फोन ५ वर असेल तर गाडी तिथेच अडते. राऊटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरता ५ चा पट्टा बंद ठेवा. सुरक्षेचा प्रकार फक्त डब्ल्यूपीए ३ असेल तर डब्ल्यूपीए २ करा. मग रोबोवरची दोन बटणं एकत्र दाबून वाय-फाय रीसेट करा, फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा, ॲपला लोकेशनची परवानगी द्या आणि रोबो राऊटरजवळ आणून जोडा. नेटवर्कच्या नावात किंवा पासवर्डमध्ये मराठी अक्षरं, इमोजी असतील तर तीही काढा. एकदा जोडला गेला की पट्टे पुन्हा एकत्र केले तरी सहसा चालतं.

प्रश्न : काम संपवून डॉकच्या, म्हणजे चार्जिंगच्या स्टँडच्या, आसपास घुटमळतो, पण आत शिरत नाही. कधी वाटेतच बंद पडतो. बॅटरी बदलायची वेळ झाली का? (रत्नागिरी)

उत्तर : दोन तक्रारी आहेत, वेगवेगळ्या तपासा.

घुटमळणं : डॉक स्वतः इन्फ्रारेडचा इशारा पाठवत असतो आणि त्यावर नेम धरून रोबो आत शिरतो. डॉकला वीज नसेल तर इशारा नाही. आपल्याकडे चार्जिंग झालं की भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. डॉकचं बटण कायम चालू राहिलं पाहिजे. भारनियमनाच्या वेळेत साफसफाई लावलेली असेल तर वेळ बदला किंवा डॉक इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या. डॉक भिंतीला टेकलेला हवा, दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर मोकळं हवं. शेजारी आरसा, स्टीलचं कपाट किंवा थेट ऊन नको. चपलांच्या स्टँडखाली कोंबलेला डॉक ही नेहमीची चूक.

डॉकची जागा बदलली तर रोबो डॉकवर ठेवूनच पुढची फेरी सुरू करा, नाहीतर तो जुन्या जागी जाऊन शोधत बसतो.

वाटेत बंद पडणं : आधी रोबोच्या पोटाखालच्या आणि डॉकवरच्या धातूच्या पट्ट्या पाहा. समुद्राजवळच्या घरात त्यांवर हिरवट किंवा काळपट थर चढतो, रोबो डॉकवर बसलेला दिसतो पण चार्ज अर्धवटच होतो. डॉकचा प्लग काढून दोन्हीकडच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने आणि थोड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पाणी नको.

पट्ट्या स्वच्छ असूनही नवा असताना दीड तास चालणारा रोबो आता पंचवीस मिनिटांत दमत असेल, किंवा ६० टक्क्यांवरून एकदम शून्यावर पडत असेल, तर बॅटरी गेली समजा. रोज वापर असेल तर दोन ते चार वर्षांत हे होणारच. बहुतेक रोबोंत १४.४ व्होल्टचा लिथियम-आयन पॅक असतो. त्यात चार सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात. ५२०० मिलीॲम्पिअर-अवरच्या पॅकमध्ये चाराच्या दोन रांगा, म्हणजे आठ. नवा पॅक घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर, व्होल्ट आणि कनेक्टरच्या तारांची संख्या जुळवा. दोनापेक्षा जास्त तारा असतात त्यांतली एक सहसा तापमान सांगणारी असते. ती नसलेला पॅक रोबो नाकारतो, किंवा न नाकारता तापवतो, जे जास्त वाईट. फुगलेला पॅक एकदाही चार्ज करू नका आणि घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

एप्रिल-मे महिन्यात तापलेल्या खोलीत चार्जिंग थांबलं तर मात्र घाबरू नका. पॅक साधारण ४५ अंशांच्या वर गेला की सर्किट मुद्दाम चार्जिंग रोखतं.

प्रश्न : पोछ्याच्या टाकीत फिनेल घातलं तर चालेल का? साध्या पाण्याने समाधान होत नाही. (सोलापूर)

उत्तर : नको. टाकीतून पाणी बारीक नळीने आणि छोट्या पंपाने उतरतं. फिनेल तेलकट असतं, पाण्यात दुधाळ होतं आणि नळीत थर धरतं. ॲसिड आणि ब्लीच पंपाचे रबरी भाग खातात. साधं पाणी किंवा कंपनीने मान्य केलेलं द्रव, एवढंच घाला. बोअरचं क्षारयुक्त पाणीही काही महिन्यांत छिद्रं बुजवतं, त्यापेक्षा आरओचं पाणी बरं. फिनेलचा वास हवाच असेल तर आठवड्यातून एकदा हाताने पुसा; मध्येच वाळलेला आमटीचा डाग रोबोला तसाही निघत नाही. पोछ्याचं कापड दर वेळी काढून धुवा, ओलं लावून डॉकवर ठेवू नका.

प्रश्न : दिवाळीत रांगोळी आणि त्याआधी भिंतींना पुट्टी. दोन्हीची धूळ रोबोने उचलून घेतली तर? (पुणे)

उत्तर : पुट्टीची मुळीच नाही. घासलेली पुट्टी, पीओपी, सिमेंट यांची भुकटी इतकी बारीक असते की एका खोलीत फिल्टर बसतो आणि उरलेली पंख्याच्या बेअरिंगपर्यंत जाते. आधी झाडू, मग ओलं फडकं, आणि दोन वेळा पुसून झाल्यावर रोबो. रांगोळीही दगडाची भुकटीच. दारातली रांगोळी झाडूने भरून घ्या, चुकून उरलेली चिमूटभर रोबोने खाल्ली तर फिल्टर झटका. ओला पोछा लावलेला रोबो मात्र हळद-कुंकवाच्या जवळ जाऊ देऊ नका, डाग घरभर फिरतो. देवघरापुढे मनाई क्षेत्र आखून ठेवा.

प्रश्न : मुलगा अमेरिकेहून स्वतः रिकामा होणाऱ्या डॉकचा रोबो आणतोय. इथे चालेल ना? (डोंबिवली)

उत्तर : रोबो चालेल, डॉकबद्दल शंका आहे. साध्या चार्जिंग डॉकचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टचा असतो. फक्त पिन बदलायची. कचरा ओढणाऱ्या डॉकमध्ये मोठी मोटर असते आणि अमेरिकेतला असा डॉक अनेकदा फक्त १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर लावला की जळलाच. निघण्याआधी डॉकच्या तळाची पाटी वाचायला सांगा. १२० असेल तर डॉकवर लिहिलेल्या वॅटच्या दीडपट क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. तो जड, महाग आणि घूं घूं करणारा असतो. त्यापेक्षा मॉडेल इथेच घ्या, हे आमचं मत.

विमानात अडचण येऊ नये. १४.४ व्होल्ट गुणिले ५.२ ॲम्पिअर-अवर म्हणजे सुमारे ७५ वॅट-अवर, १०० च्या मर्यादेखाली. सुटी बॅटरी मात्र हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. काही मॉडेलांचं ॲप ठरावीक देशाच्या सर्व्हरलाच जोडलं जातं, हेही आधी विचारा. वॉरंटी अनेकदा त्याच देशापुरती असते.

प्रश्न : कंपनीच बंद पडली तर रोबोचं काय? (बेळगाव)

उत्तर : ते त्याचं ॲप कुठल्या सर्व्हरवर चालतं यावर आहे. अमेरिकेतली नीटो कंपनी तिच्या जर्मन मालकांनी २०२३ मध्ये बंद केली. सर्व्हर पाच वर्षं चालू ठेवू असं सांगितलं होतं, पण २०२५ मध्येच तेही बंद झाले. ते रोबो आता बटण दाबून फिरतात. ॲपमधला नकाशा, वेळापत्रक, मनाई क्षेत्रं गेली. म्हणून खरेदी करताना एक चाचणी घ्या: दुकानात वाय-फाय बंद ठेवून नुसत्या बटणावर रोबो सुरू होतो का, खोली संपवून डॉकवर परततो का. आणि फिल्टर, ब्रश, बॅटरी कंपनीबाहेर सुटे मिळतात का, तेही पाहून ठेवा.

प्रश्न : जास्त पास्कलचा, म्हणजे जास्त ओढीचा, घ्यावा का? आणि उंबरठ्याचं काय? (सातारा)

उत्तर : लादी आणि मार्बलवर २००० ते २५०० पास्कल पुरतात. पुढचे आकडे जाड गालिच्यासाठी. आपल्याकडे त्यातून फक्त आवाज वाढतो आणि बॅटरी लवकर उतरते. उंबरठा पट्टीने मोजा. बरेच रोबो २ सेंटिमीटरपर्यंत चढतात. त्याहून उंच असेल तर दोन्ही बाजूंना रबरी उतार लावा, किंवा त्या खोलीत रोबो उचलून ठेवा.