गायक मॅक्स कॅव्हलेरा सोडून गेल्यावर सेपुल्तुरा संपला असं म्हणतात. खरंच का? या ब्राझिलियन मेटल बँडची कारकीर्द नेमकी कशी झाली?

संपला नाही. साधा हिशेब बघा: मॅक्स या बँडमध्ये होता १९८४ ते १९९६, म्हणजे १२ वर्षं. त्याच्या जागी आलेल्या डेरिक ग्रीनचा आवाज १९९८ सालच्या अल्बमपासून आहे, म्हणजे त्याची वर्षं मॅक्सच्या दुपटीहून जास्त भरतात. काही जण म्हणतात तसं मॅक्सच्या शेवटच्या 'रूट्स' या अल्बमपर्यंत ऐकून थांबलात तर अर्धाच बँड ऐकून होईल. पण ते तसं का म्हणतात हेही मला कळतं, कारण त्या पहिल्या १२ वर्षांत जे घडलं ते अफाटच होतं. म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

गाव बेलो होरिझोन्ते. रिओ नाही, साओ पाउलो नाही. मिनास जेराइस या खाणींच्या राज्याची ही राजधानी. गाणारा मॅक्स आणि ड्रम वाजवणारा इगोर या कॅव्हलेरा भावांचे वडील इटालियन वकिलातीत नोकरीला होते. मुलं लहान असतानाच ते अचानक गेले आणि खात्यापित्या घरावर ओढगस्तीची वेळ आली. त्यात देशावर १९६४ पासून लष्करी राजवट, ती १९८५ मध्ये उठली. बाहेरच्या रेकॉर्डी मिळायच्या मोजक्या आणि महाग. कुणाकडे एखादी आली की गावभर तिच्या कॅसेट फिरायच्या. (हे आपल्याकडच्या नव्वदच्या दशकातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. माझ्याकडे यांचा 'अराइज' हा अल्बम आला तोही तिसऱ्या हाताच्या कॉपीत, सगळा खरखराट.)

अशा गावात कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. त्या दुकानानेच पुढे स्वतःचं लेबल काढलं आणि १९८५ च्या अखेरीस या पोरांची पहिली रेकॉर्ड बाजारात आणली. एका बाजूला ओव्हरडोज हा गावातलाच दुसरा बँड, दुसऱ्या बाजूला सेपुल्तुराचं 'बेस्टियल डिव्हास्टेशन'. तेव्हा मॅक्स १६ वर्षांचा आणि इगोर १५ चा. पुढच्या वर्षी 'मॉर्बिड व्हिजन्स' हा पहिला पूर्ण अल्बम आला. इंग्रजी तोडकंमोडकं, सैतानाची गाणी बाहेरच्या बँडांवरून उचललेली, ध्वनिमुद्रण बेताचं. प्रामाणिकपणे सांगायचं तर आज ते कुतूहल म्हणूनच ऐकवतं.

खरा फरक पडला १९८७ मध्ये, आंद्रेआस किसर आला तेव्हा. साओ पाउलोकडचा हा मुलगा गिटार व्यवस्थित शिकलेला. मूळचा गिटारवाला जाइरो गेदेस सोडून गेला होता, त्याच्या जागी हा आला, आणि 'स्किझोफ्रेनिया' या अल्बममध्ये पहिल्यांदा गाण्यांना आकार दिसायला लागला. याच सुमाराचा एक किस्सा मला फार आवडतो. मॅक्सला अमेरिकेतल्या लेबलांना भेटायचं होतं, तिकिटाला पैसे नव्हते. पॅन अ‍ॅम विमान कंपनीत ओळखीचं कुणीतरी होतं. मग मॅक्सने सूट-टाय चढवला, कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करत फुकटात न्यूयॉर्क गाठलं आणि टेप वाटत हिंडला. रोडरनर या लेबलच्या माँटी कॉनरला ती टेप पसंत पडली आणि करार झाला. काम होत नसेल तर दार ठोठावत बसायचं, हा हट्ट या बँडच्या अंगात पुढेही दिसतो.

पुढच्या 'बिनीथ द रिमेन्स' या अल्बमसाठी फ्लोरिडाहून निर्माता स्कॉट बर्न्स आला. तेव्हा डेथ मेटल या मेटलच्या अधिक उग्र प्रकाराच्या वर्तुळात त्याच्या नावाला वजन यायला लागलं होतं. १९८८ च्या डिसेंबरात रिओच्या एका स्टुडिओत रात्री आठ ते पहाटे पाच अशा पाळीत काम चालायचं, कारण बजेट तुटपुंजं. १९८९ मध्ये अल्बम आला आणि युरोप-अमेरिकेच्या थ्रॅश (म्हणजे सुसाट वेगाच्या मेटल) बँडांच्या पंगतीत हे लोक जाऊन बसले. त्याच वर्षी जर्मनीच्या सोडोम या बँडबरोबर युरोपचा दौरा झाला. १९९१ च्या जानेवारीत ते 'रॉक इन रिओ' या मोठ्या संगीत महोत्सवाच्या मंचावर होते आणि त्याच वर्षी 'अराइज' आला. शुद्ध थ्रॅश हवा असेल तर यांचं टोक तिथेच.

एक गंमत इथे सांगितली पाहिजे. पाउलो ज्युनियर हा बासवाला, जुन्या पोरांपैकी शेवटपर्यंत टिकलेला एकटा माणूस. पण सुरुवातीच्या अल्बमांवर नाव त्याचं असलं तरी स्टुडिओत बास त्याने वाजवलेलाच नाही. 'स्किझोफ्रेनिया'पासून ते काम किसरने उरकलं. पाउलो रेकॉर्डवर पहिल्यांदा वाजला तो थेट १९९३ च्या 'केऑस ए.डी.'मध्ये.

आणि माझ्या मते बँडचा सगळ्यात मोठा अल्बम तोच, 'रूट्स' नव्हे. यावर भांडायची माझी तयारी आहे. अँडी वॉलेस निर्माता, ध्वनिमुद्रण वेल्समधल्या रॉकफील्ड स्टुडिओत. सुसाट पळणारे हे लोक इथे मुद्दाम थांबले, वेग उतरवला आणि सगळा भार इगोरच्या ढोलांवर टाकला. 'रिफ्यूज/रेझिस्ट' हेडफोन लावून ऐका: सुरुवातीला धडधड ऐकू येते ती मॅक्सच्या तेव्हा आईच्या पोटात असलेल्या मुलाच्या काळजाची. मग इगोरचे टॉम (ड्रम-संचातले ढोल) त्या ठोक्यावर चढतात, त्यात रस्त्यावरच्या सांबा पथकाचा ताल सरळ ओळखू येतो, आणि नंतर कुठे गिटार येते. (तो मुलगा झायन, आता बापाच्या सोलफ्लाय या नंतरच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो.) सैतान कधीच मागे पडला होता. 'मॅनिफेस्ट' हे गाणं साओ पाउलोच्या कारांदिरू तुरुंगातल्या हत्याकांडावर आहे. १९९२ मध्ये पोलीस आत घुसले आणि १११ कैदी मेले. 'कायोवास' तर बिनशब्दांचं, साध्या गिटारी आणि ढोलांवरचं, चेपस्टोच्या पडक्या किल्ल्यात उघड्यावर मुद्रित केलेलं. ज्यांच्या जमिनी हिरावल्या जात होत्या त्या गुआरानी-कायोवा आदिवासींच्या नावाचं हे गाणं.

१९९५ च्या अखेरीस ते आणखी आत शिरले. मातो ग्रोसो राज्यातल्या शावान्ते आदिवासींच्या वस्तीवर जाऊन राहिले, अंग रंगवून घेतलं, त्यांच्याबरोबर बसून त्यांच्याच गाण्यावर वाजवलं आणि ते तिथेच मुद्रित केलं. 'इत्सारी' या नावाने ते 'रूट्स'मध्ये आहे. उरलेला अल्बम कॅलिफोर्नियात निर्माता रॉस रॉबिन्सनने केला. सोबतीला ब्राझीलच्याच बाइया राज्याचा तालवादक कार्लिन्योस ब्राउन. 'रातामाहाता'मधली ती पोर्तुगीज दंगल त्याचीच. गिटारी इतक्या खाली उतरवलेल्या की तारा लोंबकळताहेत असं वाटावं. त्या काळी अमेरिकेत जे नू मेटल (हिपहॉपच्या ठेक्याशी मिसळलेलं मेटल) उगवत होतं त्याचा वास या अल्बमला येतो म्हणून जुने थ्रॅशवाले तेव्हाही नाकं मुरडत होते, आजही मुरडतात. पण १९९६ मध्ये तो आला आणि बँड कधी नव्हे इतका मोठा झाला.

आणि त्याच वर्षी फुटला.

ऑगस्टमध्ये इंग्लंडला डॉनिंग्टनचा मोठा कार्यक्रम होता. ऐन वेळी बातमी आली, मॅक्सचा सावत्र मुलगा डेना अमेरिकेत गाडीच्या अपघातात गेला. मॅक्स आणि त्याची बायको ग्लोरिया तातडीने परतले. उरलेले तिघे मंचावर गेले, गाणं किसरने निभावलं. ग्लोरिया बँडची मॅनेजरही होती आणि तिचा करार संपत आला होता. बाकी तिघांना, म्हणजे सख्ख्या भावालाही, तो पुढे वाढवायचा नव्हता. ज्या घरात नुकतं पोर गेलंय तिथे हे बोलणं काढायची ती वेळ नव्हती, असं मॅक्सच्या बाजूचे म्हणतात. मॅनेजर एकाच माणसाचं बघते, हे किती दिवस चालवून घ्यायचं, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं. १६ डिसेंबर १९९६ ला लंडनच्या ब्रिक्स्टन अकॅडमीत कार्यक्रम झाला, तो मॅक्सचा शेवटचा. भावा-भावांचं बोलणं जवळजवळ दहा वर्षं बंद. कुणाचं चुकलं हे इंटरनेटवर अजून ठरतंय, मी त्यात पडत नाही.

मॅक्सने लगेच सोलफ्लाय काढला आणि तो जोरात चालला. इकडे सेपुल्तुराने अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा, हार्डकोर (पंकचा आक्रमक प्रकार) बँडांतून आलेला, धिप्पाड कृष्णवर्णीय गायक डेरिक ग्रीन निवडला. बिचाऱ्याचं काम बघा: नवा देश, नवी भाषा, समोर हजारो लोक, आणि त्यातल्या निम्म्यांना दुसराच कुणीतरी हवा. पण तो ब्राझीलमध्ये जाऊन राहिला, पोर्तुगीज शिकला आणि टिकला. १९९८ चा 'अगेन्स्ट' मला वाटतं तेव्हा लोकांनी उगाच झोडपला. त्यात जपानच्या कोदो या ढोलपथकाबरोबर केलेलं एक गाणं आहे, 'कामाइताची', ते नक्की ऐका. नंतरच्या 'नेशन' (२००१) आणि 'रूरबॅक' (२००३) यांच्याबद्दल मात्र काही बोलत नाही.

२००६ मध्ये दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'वर बेतलेला 'दान्ते एकवीस' आला, आणि बऱ्याच वर्षांनी बँड जागेवर आल्यासारखा वाटला. नेमका त्याच वर्षी इगोर बाहेर पडला. म्हणजे आता कॅव्हलेरा आडनावाचं कुणीच उरलं नाही. त्याच उन्हाळ्यात डेनाच्या स्मरणार्थ होणाऱ्या फिनिक्सच्या कार्यक्रमात इगोर मॅक्सच्या शेजारी उभा राहिला, आणि दोघांनी मिळून पुढे वेगळा बँडच काढला. लोकांनी सेपुल्तुराच्या नावाने पुन्हा एकदा आंघोळ केली. किसरने पुन्हा एकदा लक्ष दिलं नाही.

ड्रमवर आधी जाँ दोलाबेला आला, मग २०११ मध्ये एलोय कासाग्रांदे. एलोय तेव्हा विशीचा. हा पोरगा ड्रमवर असा तुटून पडतो की मी आधी व्हिडिओ बघतो आणि मग गाणं ऐकतो. त्याच्या येण्याने बँडचं वय दहा वर्षांनी कमी झालं. 'मशीन मसायाह' (२०१७) आणि 'क्वाड्रा' (२०२०), दोन्ही स्वीडनचा निर्माता येन्स बोग्रेनने केलेले, माझ्या हिशेबाने 'अराइज'च्या शेजारी बसतात. 'क्वाड्रा'चं नशीब असं की तो निघाला ७ फेब्रुवारी २०२० ला. दौरा ठरलेला, आणि महिन्याभरात जग बंद.

२०२३ च्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं की ४० वर्षं पूर्ण होताहेत, आता निरोपाचा दौरा. भांडण नाही, आजारपण नाही. चांगलं चाललेलं असताना थांबायचं. किसरची बायको २०२२ मध्ये कर्करोगाने गेली, आणि मृत्यूबद्दल उघडपणे बोललं पाहिजे असं तो तेव्हापासून सतत सांगत आलाय. दौऱ्याचं नावही तसंच, मृत्यूतून आयुष्याचा उत्सव. पहिला कार्यक्रम १ मार्च २०२४ ला, बेलो होरिझोन्तेतच. त्याच्या काही आठवडे आधी एलोय सोडून गेला आणि पुढे कळलं, अमेरिकेच्या स्लिपनॉट या मेटल बँडमध्ये. ज्या बँडवर 'रूट्स'ची छाप उघड दिसते त्यांनीच यांचा ड्रमर नेला! ग्रेसन नेकरुटमन या अमेरिकन पोराने आयत्या वेळी सगळी गाणी बसवली आणि दौरा ठरल्या दिवशी निघाला.

ऐकायचा क्रम विचारलात तर असा लावा: आधी 'केऑस ए.डी.', मग मागे जाऊन 'अराइज', मग एकदम पुढे उडी मारून 'क्वाड्रा'. हे तीन पचले की 'रूट्स'. शेवटच्या लांबलचक ट्रॅकपर्यंत पोचायला धीर लागतो, पण 'इत्सारी' वगळू नका. 'नेशन' आणि 'रूरबॅक' राहिले तरी काही बिघडत नाही.