बर्फ बघितलाच नाही, तर त्यावर काम कसं करू?

"मॅडम, त्यांनी मला घेतलंय खरं, पण चुकून घेतलंय." रत्नागिरीत समुपदेशन करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मोजायचं सोडून दिलंय. कुणाला पुण्यात नोकरी लागलेली असते, कुणाला परदेशात पीएचडी मिळालेली असते, पण पोटातला गोळा तोच. म्हणून एका मुलीचं सांगते, तिला विचारून आणि ओळखीच्या खुणा बदलून.

एप्रिलमध्ये आली होती. घरची आंब्याची बाग, फिजिक्समध्ये एमएस्सी, मग दोन वर्षं भातशेतीतून पाणी किती उडून जातं याच्या कॉम्प्युटर मॉडेलवर काम. नॉर्वेतून पीएचडीची ऑफर आलेली, थंड प्रदेशातली झाडंझुडपं आणि बर्फ यांचा एकमेकांवर काय परिणाम होतो ते मॉडेलमध्ये बसवायचं. तिकडे पीएचडी म्हणजे पगारी नोकरीच असते, तीन-चार वर्षांची. आणि ही म्हणते मी होकार नाही कळवणारे.

"का गं?"

"मी बर्फ फक्त फ्रीजमधला बघितलाय."

"तू रत्नागिरीची आहेस हे त्यांना माहीत नव्हतं?"

"बायोडेटात होतं की."

"मग फसवलंस कुठे त्यांना?"

गप्प बसली, मग म्हणाली, पटतंय, पण रात्री झोप लागत नाही. हे फार खरं बोलली ती. नुसत्या पटण्याने भीती जात नाही, काहीतरी करून बघावं लागतं, हे मला इतक्या वर्षांत पक्कं कळलंय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून मांडलेल्या विचारावर माझा भर आहे, आपल्याला त्रास होतो तो घटनेपेक्षा आपल्या मनातल्या 'च'मुळे, म्हणजे 'असं व्हायलाच पाहिजे' या हट्टामुळे. हिचा 'च' असा होता, जायच्या आधी मला सगळं यायलाच पाहिजे. तो मी तिला लगेच सांगितला नाही, तिचा तिला सापडावा असं वाटत होतं. एवढंच म्हटलं, की तिकडे जे काम करायचंय ते बाबांना समजावून सांग, इंग्रजी शब्द न वापरता, आणि ते काय विचारतात ते लिहून आण.

पुढच्या वेळी आली ती खुर्चीत नीट बसायच्या आधीच बोलायला लागली. बाबा आंबे पिकवायला आढी लावत होते, पेंढ्याचा थर, आंबे, परत पेंढा. ही शेजारी बसून सांगत होती की ताज्या बर्फात हवा अडकलेली असते म्हणून तो पांघरुणासारखा असतो, बाहेर उणे ३० असलं तरी जाड बर्फाखालची माती शून्याच्या थोडीशीच खाली राहते. बाबांनी तिचा हात धरून जुन्या आढीत खुपसला. "ऊब लागतंय? मग ही आढीच की गो."

आणि मग त्यांनी विचारलं, वाऱ्याने उडून नाही जात? आपल्या कातळावर सुका पाला उडतो नि करवंदीच्या जाळीत जाऊन अडकतो, तसं तिकडे झुडपात अडकत असेल ना?

मॅडम, हाच प्रश्न आहे माझ्या पीएचडीचा, असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. झुडपांत बर्फ जास्त साठतो, खालची माती हिवाळ्यात उबदार राहते, त्यामुळे झुडपं आणखी वाढू शकतात. ताजा बर्फ ८० ते ९० टक्के ऊन परत फेकतो, पण वसंतात बर्फाबाहेर डोकावणाऱ्या काळ्या फांद्या ऊन शोषतात आणि आजूबाजूचा बर्फ लवकर वितळवतात. ऊन किती आलं, किती परत गेलं, किती मातीत मुरलं, वाफेत किती गेलं हा हिशोब ती भाताच्या खाचरात दोन वर्षं मांडतच होती, इथे फक्त बर्फाचा एक थर वाढला.

मी विचारलं, "बाबांनी बर्फ बघितलाय?"

"नाही."

"मग प्रश्न कसा सुचला?"

बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग स्वतःच म्हणाली, "म्हणजे मला सगळं आधी यायलाच पाहिजे असं नाही. आलं तर बरं." तो 'च' तिने स्वतः काढला आणि मला खरंच फार समाधान वाटलं. त्या क्षणापर्यंत तोंड बंद ठेवणं हेच आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे.

तुमच्या बाबतीत असं होत असेल तर आधी जाहिरात परत वाचा, त्यांनी काय मागितलंय आणि तुम्ही मनाने काय वाढवलंय ते वेगळं लिहा. मग गाईडना सरळ मेल करा, मला हे येत नाही, सुरुवात कुठून करू. हिने केला, त्यांनी वाचायला काय ते कळवलं आणि पहिल्या हिवाळ्यात फील्डवर नेतो म्हणाले. घरच्यांची काळजी वेगळी असते, ती या भीतीत मिसळू नका, तिच्यावर वेगळं बोला. हिच्या आईला तिकडच्या अंधाराची धास्ती होती, मग फोनची वेळ ठरवली, हिवाळ्यात नॉर्वे आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, म्हणजे आपल्या रात्री साडेआठला तिची दुपार. आणि आईबाप, तुम्ही "तुला जमेल गं" एवढंच म्हणून थांबू नका, ती काय काम करणार ते विचारा, समजेपर्यंत विचारा.

नोव्हेंबरात तिचा मेसेज आला. पहिला मोठा बर्फ पडला, व्हिडिओ कॉल लावला, तर बाबा तिची तब्येत विचारायच्या आधी म्हणाले, कॅमेरा झुडपाकडे ने, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला जास्त साठलाय बघू.