तुझ्या मसुद्यात ढाका कुठे आहे?

ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. मेहनत दिसते, पण शेजारी देशांतल्या भारत आणि चीनच्या सॉफ्ट पॉवरचा, म्हणजे बळाऐवजी मदतीने आणि आपुलकीने मन जिंकण्याच्या ताकदीचा, तो नुसता जमाखर्च झाला आहे. चीनने मालदीवच्या मालेला पूल बांधला, नेपाळमधल्या पोखऱ्याच्या विमानतळाला कर्ज दिलं. भारताने श्रीलंकेला रुग्णवाहिका दिल्या, जाफन्यात सांस्कृतिक केंद्र उभारलं. मग शेवटी कोण पुढे, याचा निकाल. ज्याचं मन जिंकायला ही चढाओढ चालली आहे, तो ढाक्याचा किंवा काठमांडूचा माणूस एकदाही बोलत नाही.

2021 घे. 20 जानेवारीला भूतान आणि मालदीवला आपली लस पोचली, दुसऱ्या दिवशी नेपाळ आणि बांगलादेशला. भेट मिळालेल्या डोसांशिवाय बांगलादेशने पुण्याच्या सीरमशी 3 कोटी डोसांचा करारही केला होता. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात थांबली. थांबवणं भागच होतं. त्या एप्रिलमध्ये ठाण्यात लोक ऑक्सिजनसाठी कसे धावत होते ते मी पाहिलं आहे. पण पहिला डोस घेऊन दुसऱ्याची वाट बघत बसलेल्या ढाक्यातल्या आजोबांनी काय समजायचं? मे महिन्यात चीनच्या सिनोफार्मचे डोस तिथे उतरले. तुझ्याकडे जानेवारीला अख्खा परिच्छेद आहे, एप्रिलला एक ओळ नाही. शेजारी मात्र एप्रिलच लक्षात ठेवतो.

आता याहून मोठी गोष्ट, जी तुझ्या मसुद्यात मुळीच नाही. इतकी वर्षं बांगलादेशी रुग्ण उपचारांसाठी कोलकाता, चेन्नई, मुंबईला येत आले. ती कुठल्या सरकारची योजना नव्हती. एकाला गुण आला, त्याने गावात दुसऱ्याला सांगितलं, असा तो विश्वास वाढत गेला. कोलकात्यात तर डॉक्टरशी आपल्याच बंगालीत बोलता येतं. ऑगस्ट 2024 मध्ये बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना देश सोडून भारतात आल्या, संबंध ताणले गेले आणि भारतीय व्हिसा मिळणं फार अवघड झालं. मार्च 2025 मध्ये बांगलादेशी रुग्णांची पहिली तुकडी चीनच्या कुनमिंगला गेली. तिथली काही रुग्णालयं त्यांच्यासाठी नेमून दिली होती. भाषा परकी, देश परका, तरी गेले. सुरक्षेची कारणं असतील, ती मी हलकी मानत नाही. पण दुखण्याला थांबता येत नाही, आणि जिथे दार उघडं दिसतं तिथे माणूस जातो. मला हे मनापासून लागतं, कारण एवढी माया पैसे ओतून परत मिळत नाही.

नेपाळसाठी तुला लांब जायला नको. नेरूळच्या तुमच्या सोसायटीतले वॉचमनदादा नेपाळचे आहेत ना? त्यांना 2015 बद्दल विचार, पण मुलाखत घेतल्यासारखं नको, निवांत बस. एप्रिलच्या भूकंपात त्याच दिवशी भारताची विमानं मदत घेऊन काठमांडूला उतरली. सप्टेंबरपासून सीमेवर मालट्रक अडले. नेपाळच्या तराईतल्या मधेशी लोकांच्या, नव्या राज्यघटनेविरुद्धच्या आंदोलनामुळे अडले, असं दिल्ली म्हणत राहिली. नेपाळी घरांत गॅस नव्हता आणि दोष भारताला दिला गेला. मार्च 2016 मध्ये नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान ओली यांच्या सरकारने चीनशी मालवाहतुकीचा करार केला. दोन्ही आठवणी एकाच माणसाच्या मनात शेजारी-शेजारी असतात. त्या कशा, ते फक्त तोच सांगू शकेल.

मालदीवचा भाग आटोपता घे. ‘इंडिया आउट’ म्हणजे भारतीय सैनिकांना देशाबाहेर काढा, या मोहिमेच्या लाटेवर 2023 मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आलेल्या मुइझ्झूंनी जुलै 2025 मध्ये मोदींनाच स्वातंत्र्यदिनाचे पाहुणे केलं. छोट्या देशांना दोघांकडूनही हवं ते मिळवता येतं, एवढं त्यातून पुरेसं कळतं. त्यांना भोळे समजू नकोस.

श्रीलंकेबद्दल लिहिताना चीनच्या कर्जातून बांधलेल्या हंबनटोटा बंदरावर सगळेच लिहितात. तू 1990 या क्रमांकाच्या सुवसेरिया रुग्णवाहिका सेवेवर लिही. 2016 मध्ये भारताच्या अनुदानातून 88 गाड्यांनी ती सुरू झाली, पुढे देशभर पसरली. चालक तिथलेच, कर्मचारी तिथलेच, आणि फोन केला की गाडी येते. तिच्यावर फलक कोणाचा, हे रुग्ण बघत नाही. पण घरचे विसरत नाहीत, असं मला वाटतं. हे पडताळून बघ. श्रीलंकेची वर्तमानपत्रं इंटरनेटवर इंग्रजीत मिळतात, वाचकांच्या पत्रांपासून सुरुवात कर.

शेवटचं ‘कोण जिंकलं’ हे प्रकरण काढून टाक आणि त्या जागी कुनमिंग घाल. पुढच्या शनिवारी ठाण्याला येशील तेव्हा तेवढीच पानं आण, बाकीचं नंतर बघू.

तुझे,
सर