आखाजीला 15 माणसांचे खापरावरचे मांडे, रशी आणि आमरस दुपारच्या आत कसे करावेत?

तुमची अडचण अशी: आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-जावई, नातवंडं धरून 15 पानं आहेत, खापरावर (चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर) मांडे, म्हणजे हातावर वाढवलेल्या मोठ्या पुरणपोळ्या, पहिल्यांदाच करायचे आहेत, सराव केला तर हातावर फाटले, डाळ रात्री भिजवली तर आंबली, आणि आगारी (पितरांसाठी विस्तवावर द्यायचा घास) टाकायच्या आत सगळं तयार हवं.

मांड्यापासून सुरुवात करू, कारण बाकी सगळं सावरता येतं. मांडा फाटला की हाताला दोष देतात, पण बहुतेक वेळा चूक पिठात नाहीतर पुरणात असते. गिरणीतून आलेल्या साध्या पिठात कोंड्याचे कण असतात, पीठ ताणलं की तिथूनच चीर जाते. म्हणून लोकवन गव्हाचं बारीक दळलेलं पीठ आदल्या दिवशी पातळ सुती कापडातून चाळून ठेवा. तेवढा वेळ नसेल तर दोन भाग चाळलेली कणीक आणि एक भाग मैदा घ्या. 15 माणसांना सव्वा किलो पीठ लागतं. चमचाभर मीठ घालून आधी घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा, मग थोडं पाणी, थोडं तेल असं आलटून-पालटून लावत तिंबत राहा. सगळं मिळून वाटीभर तेल त्यात जिरतं. चांगली वीस मिनिटं तिंबायला हवं. गोळा उचलला की तो स्वतःच्या वजनाने वीतभर लांबला पाहिजे, मध्येच तुटला तर अजून तिंबा. मग तासभर मुरू द्या. वर तेलाचा हात आणि ओलं फडकं हवंच, नाहीतर वैशाखातल्या झळांनी दहा मिनिटांत पापुद्रा धरतो आणि तोच पापुद्रा पुढे मांड्यात भोक पाडतो.

आता पुरण. एक किलो हरभरा डाळीचे 16 ते 18 मांडे होतात. जळगाव-भुसावळकडे या दिवसांत पारा 42-44 अंशांवर असतो, तेव्हा डाळ रात्रभर भिजवूच नका, फेस येतो आणि आंबूस वास शिजल्यावरही जात नाही. पहाटे 4 ला भिजवा, साडेपाचला चार लिटर पाण्यात शिजायला लावा. दाणा बोटांत दाबल्यावर सहज चुरला पाहिजे. मधे कणी राहिली तर ती पुरणयंत्रातूनही कधी कधी निसटते आणि मांडा आतून फाडते. डाळ गरम असतानाच चाळणीत उपसा, खालचा कट, म्हणजे डाळीचं पाणी, जपून ठेवा. गूळ आणि साखर अर्धी-अर्धी, मिळून 800 ग्रॅम पुरे, कारण ताटात आमरस आहेच. नुसता गूळ घातला तर पुरण सैल राहतं आणि मांड्यातून पाझरलं की खापराला चिकटून जळतं. कलथा उभा राहीपर्यंत आटवा आणि गरम आहे तोवरच यंत्रातून काढा, गार झाल्यावर ते फिरत नाही. वेलदोडा, जायफळ शेवटी. पुरण आणि पीठ सारख्याच मऊपणाचं हवं, ही माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची खूण. पुरण घट्ट वाटलं तर दुधाचा हबका मारा, सैल असेल तर परत आचेवर ठेवा.

कट तसाच पडू देऊ नका, उन्हाळ्यात दोन-तीन तासांत आंबायला लागतो. उपसल्याबरोबर एक उकळी आणा आणि रशीच्या, म्हणजे कटाच्या तिखट आमटीच्या, मागे लागा. चार मोठे कांदे विस्तवावर भाजून, सुक्या खोबऱ्याची एक वाटी, 20 लसूण पाकळ्या, दोन इंच आलं, तीन चमचे धणे, दोन चमचे खसखस, सगळं भाजून बारीक वाटा. हे वाटण रात्री पाणी न घालता करून ठेवलं तरी चालतं. वाटीभर तेलात वाटण, तीन मोठे चमचे काळा मसाला आणि चवीप्रमाणे तिखट घालून तेल सुटेपर्यंत परता. मग कट घाला, तोही गरमच, गार पाणी ओतलं की तवंग येत नाही. दोन मुठी शिजलेली डाळ वाटून घातली की रशी फुटून पाणी वेगळं होत नाही. मंद आचेवर पंधरा मिनिटं. रशी गोड करू नका.

तळण साडेआठला. आधी कुरडया आणि पापड, मग भजी. उलट केलंत तर भज्यांचा चुरा तेलात जळतो आणि पांढऱ्या कुरडईवर काळे ठिपके बसतात. भात कधीही लावा.

आमरसाला बदाम किंवा केशर जातीचे आंबे, पाच-सहा किलो. सकाळी दोन तास पाण्यात बुडवून ठेवा. रस साडेनऊच्या आधी काढू नका, तो हवेने काळवंडतो. स्टीलच्या पातेल्यात काढा, लोखंडाच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी भांड्यात चव बिघडते. पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून झाका, दूध घालायचं तर वाढताना घाला.

बरोबर दहाला खापर. नवं असेल तर आदल्या दिवशी तेल चोळून मंद जाळावर तापवलेलं हवं, एकदम जाळ लावला तर तडकतं. चुलीत पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळक्या काड्या) घाला, त्यांचा जाळ पसरतो. जाड लाकडाने मधोमध करपतं आणि कडा कच्च्या राहतात. चूल नसेल तर लोखंडी कढई गॅसवर पालथी घाला. दोन छोट्या पुऱ्यांमध्ये मूठभर पुरण भरा, कडा नीट दाबा, तांदळाच्या पिठीवर ताटलीएवढं लाटा. मग पिठी झटकून टाका, राहिली तर खापरावर जळून मांडा कडू लागतो. अंगठ्या, बांगड्या काढलेल्या असू द्या. मांडा दोन्ही पालथ्या हातांवर घेऊन फिरवत वाढवा, ताण कडेकडून द्या, मधे नको. छोटं भोक पडलं तर पिठाचा तुकडा चिकटवून दाबा, टाकून देऊ नका. खापरावर मिनिट-दीड मिनिट, डाग पडले की उलटा, मग अर्धं मिनिट. मऊ आहे तोवरच चार घड्या घालून कापडाच्या दुरडीत ठेवा, उशीर झाला की घडी मोडते.

एकाला चार मिनिटं धरली तर 18 मांड्यांना सव्वा तास लागतो, आणि त्यासाठी दोघीजणी हव्यात: एक लाटायला, एक खापराशी. चूल अंगणात सावलीला मांडा, पण पंख्याचा वारा चुलीकडे नको. खापराशी बसणारीला अर्ध्या तासाने उठवून पन्हं द्या आणि जागा बदला. त्या उन्हात जाळासमोर एकटीने सगळे मांडे करायला बसवू नका.